पाठची बाजू

अन्सेल्मो, तुझी बोगनवेल फुलली आहे
आणि मला तिचा राग आलाय.

मोलोचा रस्ता रुंद केला तेव्हा
आरोग्यकेंद्राच्या फाटकाशी उपटून टाकलेली,
मुळं वर, काटे सगळीकडे.
ट्रायसिकलवाल्याला दुप्पट पैसे देऊन
तू तो ओंडका घरी आणलास, अंगणात करवत काढलीस.
नाव वेलीचं, खोड माझ्या मांडीएवढं.
एक पान ठेवलं नाहीस.
मी म्हटलं, हे मेलंय.
तू म्हणालास, थांब.
अडतीस दिवस थांबले. मग
करवतीच्या कडेला, साल आणि लाकडाच्या फटीतून,
मिरीएवढा एक लाल ठिपका.

जीपनीच्या जळक्या डायनामोतली तांब्याची तार
तू चुलीवर तापवून मऊ करायचास.
कोवळी फांदी वाकते, जुनी मोडते,
हे तू तिच्याबद्दल बोलायचास
आणि मी भाताचं पातेलं जरा जोरात आपटायचे.
तिच्या पोकळीत गंधक-चुन्याचं पाणी लावायचास,
घरभर नासक्या अंड्यांचा वास.
हिचं लाकूड मऊ, जपलं नाही तर आतून भुगा होतो.
डॉक्टरकडे चल म्हटलं
तर तुला वेळ नव्हता.

क्लबचे तानसेंग्को आले होते एकदा, हात पाठीशी बांधून.
"डावं खोड कापा, मग स्पर्धेत ठेवता येईल."
तू त्यांना कॉफी दिलीस.
खोड दिलं नाहीस.

जाताना लोक देवाचं नाव घेतात, लेकरांचं घेतात.
तू इस्पितळाच्या खाटेवरून म्हणालास,
पानांनी मान टाकेपर्यंत पाणी घालू नकोस.

मी घातलं. रोज. सकाळी, संध्याकाळी.
मेलेल्या नवऱ्याचं झाड तहानलेलं कोण ठेवेल?
ती माजली. हातभर फुटवे, बोटभर काटे,
दोन वर्षं नुसती पानं.
तिनेच मला पाणी पाजलं म्हण.

मार्चमध्ये मेरिविकला मुलगी झाली,
मी सेबूला गेले, तेवीस दिवस.
शेजारी निलदाला सांगायचं विसरले.
(विसरले असंच सगळ्यांना सांगितलंय.)

परत आले तर अंगणात
जांभळा रंग, पान औषधालाही नाही.
तू म्हणायचास, हे रंगीत कागद म्हणजे फूल नव्हेच, पानंच ती;
खरं फूल आत, पांढरं, तांदळाच्या कणीएवढं,
चष्म्याशिवाय दिसत नाही.
मी चष्मा लावला.

निलदा कुंपणावरून म्हणाली, बघ,
तहान लागली की फुलतात. माणसंही तशीच.
मी म्हटलं, नाही गं बाई.
ते झाड घाबरलं होतं,
मरायच्या आधी बी टाकून जाऊ म्हणत होतं.
त्याला शहाणपण म्हणू नये.
आणि तहानेचं कौतुक तर मला
अजिबात सांगू नकोस.

दुपारी तुझी पक्कड घेऊन बसले.
तार सालीत रुतली होती.
उलगडायची नसते, तुकडे करायचे, हे तुझंच.
एकोणीस तुकडे झाले, बटणांच्या डब्यात आहेत.
वळ राहिले. फांदी मात्र
जागची हलली नाही.

मग कुंडी फिरवली.
तू तिचं तोंड रस्त्याकडे ठेवलं होतंस.
अकरा वर्षं भांडी घासताना खिडकीतून मला
तिची पाठच दिसली:
पोकळी, चुन्याचा पांढरा ओघळ, करवतीचा घाव.
गोणपाटावर घेतली, इंच इंच ओढली,
काट्यांनी कोपरापर्यंत रक्त काढलं.
आता रस्त्याने जाणाऱ्यांना घाव दिसेल. दिसू दे.

हात धुऊन खिडकीशी उभी राहिले.
समोरून ती देखणी आहे, खोटं कशाला बोलू,
तानसेंग्कोंनाही आवडेल अशी.
पण खरं सांगू?
ओळखीची वाटेना.

उद्या परत फिरवीन.
आज कंबर धरलीय.
पाण्याचं म्हणशील तर
झारी भरून ठेवली आहे दाराशी.
बघते, पानं आल्यावर काय म्हणतात.