एसी बंद करणारा

माझं काम एकच होतं:
गुणाजी पांगळेने बोट वर केलं
की एसी बंद करायचा.

मनामा, गुदैबिया, दुसरा मजला, जुलै.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला कांबळं,
आत सातजण, एक ढोलकी, एक माईक
जो त्याने तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमवर घेतला
आणि बायकोला पत्रात लिहिलं, पंखा घेतला.

दिवसा डक्ट बसवायचा. हॉटेलांच्या छतात
पोटावर सरपटताना गाणी जुळवायचा,
पत्र्यावर खडूने लिहून ठेवायचा.
तिथे अजून, झुंबराच्या वर,
एक अख्खी गवळण पडून असेल.

गाणारा बशीर खोत. पाण्याचा टँकर चालवायचा.
गुणाजी त्याला म्हणे, गोड नको गाऊस,
पऱ्ह्यापलीकडच्या माणसाला हाक मारतोस तसं गा.
बशीर घाम पुसून पुन्हा गायचा. अकरा वेळा.
बाराव्यांदा गुणाजी म्हणे, पहिलंच बरं होतं.

कॅसेटी गावी जायच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यांतून.
चिपळुणात कुणीतरी हजार प्रती काढल्या,
वर बशीरचा फोटो,
खाली बारीक अक्षरात, गीत-संगीत: गुणवंत पांगारे.
तो हसला. म्हणाला, हा पांगारे बरं लिहितो.
मग दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

तीस वर्षं. नऊ कॅसेटी, दोन सीड्या
आणि धुण्यात गेलेला एक पेन ड्राइव्ह.
पैसे एकदाच आले. त्यांची बिर्याणी झाली.

आणि माझी ती चूक.
नारळाच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याला,
उकाड्याने डोळ्यांपुढे अंधारी आली,
मी भिंतीला टेकलो, हात बटणावर पडला,
हूंऽऽऽ.
बशीर थांबला नाही. दुसरी टेप नव्हती.
तसंच गेलं ते.

परवा गणपतीत गावी होतो. जाखडी रंगलेली,
रात्रीचे दोन. एका पायात घुंगरू बांधलेली पोरं
तिसऱ्या कडव्याला जागच्या जागी थांबली,
तोंडं मिटून हुंकारली: हूंऽऽऽ.
हे काय रे?
"चालच तशी आहे, काका. दर्या आहे तो."

मी तिथूनच गुणाजीला फोन लावला, ऐकवलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मला वाटलं, लाईन गेली.
मग म्हणाला,
"पोरं जरा वर लागलीयत.
आपला एसी खालच्या पट्टीत होता."