पाठीवरचं नाव

दुपारी दोनला मालवणात गिऱ्हाईक नसतं.
बाजार आवरलेला, बर्फाचं पाणी गटारातून बंदराकडे परत.
तेव्हा आली गौरांगी खोबरेकर,
मुठीत प्लास्टिकची डबी,
डबीत काजूकतलीएवढा प्रोसेसर.

"चालतो, पण धावत नाही, काका."

सात लग्नं आणि एक साखरपुडा
रात्री जागून एडिट केले, तेवढ्याचा हा.
ऑनलाइन, सीलबंद, अर्ध्या किमतीत.
अर्धी किंमत ऐकली
आणि मी खणातून भिंग काढलं.

अक्षरं बघ आधी, म्हटलं.
खरी असतात ती लेझरनं पोळलेली,
तिरप्या उजेडात राखाडी, अंगचीच वाटतात.
ही वर येऊन बसलीयत.
आणि हा आठ बघ, शेजाऱ्यांपेक्षा लठ्ठ.
झाकणावर बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेला;
वापराचे ओरखडे एवढ्या शिस्तीत नसतात,
कानस फिरलीय याच्यावरून.
खोक्यावर एक नंबर, पाठीवर दुसरा.
कडेच्या खाचेत सुकलेल्या पेस्टचा कण:
कोऱ्या वस्तूच्या कानामागे मळ.

तिनंच पर्समधून नेलपॉलिशचं रिमूव्हर दिलं.
कापूस दोनदा फिरवला.
आठ गेला.
मग मागची सगळी ओळ,
जशी वाळूवर लिहिलेली.

"उघडताना व्हिडिओ काढलास?"
ती गप्प.
लोकांच्या मुंडावळ्या, लोकांचे आहेर,
सासरी पाऊल टाकणारी प्रत्येक नवरी
हिच्या कॅमेऱ्यात आहे.
स्वतःचं खोकं तिनं दातांनी फाडलं होतं.
परत करायची मुदत दहा दिवसांची,
आज बारावा. विकणाऱ्याचं पान
शोधलं तर रिकामं.

इतक्यात तिची आई, आनंदी, रिकामी पाटी घेऊन दारात.
हात धुतलेले तरी खवला चिकटलेला मनगटाला.
डबीतलं तिनं उचललं, उलटं केलं,
नाकाशी नेलं, खरंच नेलं,
आणि म्हणाली,
"तोंड बगून इसवण कोण घेता गो?
कल्लो उगडून बगलंस?"

कल्ला कुठला याला, मी हसलो.
मग हसू थांबलं.
बोर्डावर बसवला, पंखा लावला,
बटण दाबून बायॉसमध्ये शिरलो.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत
त्यानं स्वतःचं नाव सांगितलं.
जुनं, साधं, दोन कोअरचं.
जराही आढेवेढे न घेता.

बारा दिवस त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हंजे ह्यो खोटो नाय," आनंदी म्हणाली,
"हेचा बारसा कोणी दुसऱ्यान केला."

मी काही बोललो नाही.
मागल्या मे महिन्यात, मुंबईकरांच्या गर्दीत,
एका जुन्या हार्डडिस्कवरचं तारखेचं लेबल
मी ड्रायरनं गरम करून सोलून काढलं होतं.
वस्तू चांगली होती, असं तेव्हा म्हटलं होतं मनाशी.
मागितलेले पैसेही मिळाले होते.
कुडाळचा माणूस. त्याचा नंबर आहे माझ्याकडे.

गौरांगी रडली नाही. भिंग घेऊन
पुन्हा त्या रेघांकडे बघत राहिली, बराच वेळ.
"घासणाऱ्यानंसुद्धा नीट काम केलंय," म्हणाली,
आणि दोन लग्नं जास्तीची घ्यावी लागतील,
तुळशीनंतरच्या तारखांत, हे बोटांवर मोजलं.

तो प्रोसेसर आता मच्छीमार सोसायटीच्या संगणकात आहे.
डिझेलच्या पावत्या काढतो, बर्फाचा हिशोब ठेवतो,
त्यापुरता पुष्कळ.
साडेसहाशेला दिला. बिलावर त्याचं खरं नाव लिहिलं,
जुना, वापरलेला, हेही लिहिलं.
सेक्रेटरी म्हणाले, एवढं कशाला?

कुडाळला फोन अजून केलेला नाही.
दुकान बंद करताना रोज
नंबर काढतो,
उजेडात तिरपा धरतो.