दहा पायांचा पक्षी

कळंब्याच्या तळ्यातली जलपर्णी काढायचं काम.
माणसं अकरा, ट्रॉल्या दोन, तराफा एक,
आणि हजेरीची वही माझ्याकडं.
बाई मुकादम म्हटल्यावर दोन दिवस
कुणी नीट तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाळगोंडानं दाताळं थांबवलं.
"बाई, हितं अंडी हाईत."
चार. तपकिरी, तुकतुकीत,
वर काळ्या रेघोट्यांचा गुंता,
पेन चालतंय का बघायला
वहीच्या पुठ्ठ्यावर मी मारते, तसा.
घरटं म्हणावं असं काही नव्हतं. ओल्या काड्या, झालं.

एवढा वाफा सोडा, म्हटलं.

कमळपक्षी. काशाच्या रंगाची पाठ,
डोळ्यावर पांढरी भुवई,
आणि बोटं
अंगाला न शोभणारी, लांबच लांब;
पानावर वजन टाकायच्या आधी
पानाला विचारून घेणारी.

बसलाय तो नर.
मादी त्याच्याहून थोराड. अंडी घालून गेली
सांडव्याच्या अंगाला,
तिथं तिचा दुसरा नर दुसऱ्या चारांवर बसलाय.
कात्यायनीकडून चालत येणारे रिटायर मास्तर
दुर्बिणीतून डोळा न काढता सांगत होते.
माणसं हसली.
मग माझ्याकडं बघून थांबली.

माझा पोरगा पाचगावात असतो, त्याच्या बापाजवळ.
हे सगळ्यांना ठाऊक आहे.
वहीत त्याला रकाना नाही.

एका दुपारी परकी मादी आली, वाफ्याच्या कडेला.
नर ओरडला, पत्रा खरवडल्यासारखा.
आणि सांडव्याकडून ही आली,
पानापानावरून धावत, अर्धी उडत,
अशी भिडली की पाणी गढूळ झालं.
परकी अंडी फोडते, मास्तर म्हणाले.
या खेपेला कुणी हसलं नाही.
ही परत गेली. अंड्यांकडं पाहिलंसुद्धा नाही.

मग रात्रभर पाऊस. तळं हातभर चढलं.
सकाळी काड्या पाण्याखाली, अंडी नाहीत.
"मी न्हाई हात लावला," सर्जेराव म्हणाला,
त्याला कुणी विचारलं नसताना.
तेवढ्यात दिसला तो:
हनुवटी आणि छातीच्या मध्ये अंडं धरून
मागं मागं चालत, उंच पानाकडं.
तीन नेऊन झाली होती. हे चौथं.
आम्ही अकरा आणि मी, बारा माणसं,
दाताळी धरून उभे.
त्या दिवशी अर्धी ट्रॉली कमी भरली.

महिना होत आला तेव्हा
बाळगोंडा घाबरून ओरडला, "बाई, दहा पाय!"
खरंच. पंखाखालून लोंबणारे,
दोऱ्यासारखे आठ, आणि त्याचे दोन.
घार वर फिरत होती.
तो चालत राहिला, पिल्लं काखेत घालून,
घाईनं न्यायच्या पिशव्या असाव्यात तसा.

शनिवारी पाचगावला गेले.
पोराचे केस कापलेले, नखं कापलेली.
चपलेचा पट्टा नवा.
त्याच्या बापाला म्हणायचं होतं काहीतरी.
"पाऊस लई झाला," एवढंच म्हटलं.
तो म्हणाला, "व्हय."

सोमवारी कंत्राटदाराला वही दिली.
शिल्लक: एक वाफा.
पुढचा रकाना, कारण,
तिथं पेन टेकवलं,
चालतंय का बघितलं.
चालत होतं.