बाहेरचा भाव

चिऱ्याला चौतीस, होनगेकर म्हणाला.
भरणावळ वेगळी, उतरणावळ वेगळी,
जांबोटी रोडला गाडी रुतली
तर रुतल्याचेही वेगळे.
मी वही उघडून रकाने आखले
आणि रकमा चुकून डावीकडे गेल्या, नावं उजवीकडे.
बावन्न वर्षांची सवय. पान फाडलं.

शेजारच्या प्लॉटवर तोच चिरा, त्याच खाणीतला,
सव्वीसला उतरत होता.
विचारलं. तो टोपी मागे सारत म्हणाला,
“तुमचं बाहेरचं पासपोर्ट ओ मॅडम, बाहेरचा भाव.”
तेव्हा तोंडातून गेलं ते आईचंच होतं:
“आठ रुपयं कशाचं रे, मेल्या? दगड काय दिमोनाहून आणलास?”
दिमोना त्याला कळलं नाही.
मेल्या कळलं.
पाच रुपये तिथल्या तिथे उतरले.
बावीसशे चिरे, वजा अकरा हजार:
माझ्या मराठीची एवढी किंमत
आजवर कुणी केली नव्हती.
उरलेले तीन मात्र तो सोडेना,
आणि ते नेमके कशाचे
हे मीही विचारलं नाही.

परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये.
खिडकीमागचा कारकून भला माणूस,
बन्नी, कूत्कोळ्ळी म्हणाला, खुर्ची पुसून दिली.
मी मराठीत सांगू लागले
तसा तो कागदांकडे पाहू लागला.
मला कन्नड येतं ते लहानपणीच्या दूधवाल्या गंगव्वाचं:
हालु, नीरु, नाळे बर्तीनि,
आणि दोन शिव्या.
तेवढ्यावर घराचा नकाशा मंजूर होत नाही.
बाहेर झाडाखाली एकाने अर्ज लिहून दिला,
सहाशे रुपये, झेरॉक्स धरून.
मी न वाचता सही केली,
जशी बाबांनी केली होती
तिकडे उतरल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये,
‘तुम्ही खरे आमच्यातलेच ना’
अशा अर्थाच्या कागदावर.

वहीत लिहिलं: सहाशे, मराठीचे. अधिक.

मल्लाप्पा गवंडी रोज विचारतो,
तिकडं घर नाही काय तुम्हाला?
आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही, खिडकीखाली वाळवंट.
मग इथं कशाला घालता पैसा?
मी धुक्याकडे बोट दाखवलं.
सकाळचे आठ. त्याला हातातली थापी दिसत नव्हती.
“ह्याच्यानं तर,” तो म्हणाला, “प्लास्टर वाळंना झालंय.”

परशराम सुतार चौकट बसवायला आला
तेव्हा उजव्या बाजूवर मी पेन्सिलीने रेघ मारली,
खांद्याच्या वर, जराशी तिरपी:
इथे करंगळीएवढी खाच काढ.
“वाकडी? सरळ काढतो की.”
नको, वाकडीच.
“काय ठेवणार?”
देवाचं नाव. चामड्यावर लिहून, गुंडाळून.
“मग देवघरात ठेवा की ओ, दारात पावसाला कशाला?”
जाता येता हात लावायचा असतो.
त्याने लाकडावरून हात फिरवला,
बहुतेक गाठ आहे का ते बघायला,
आणि पटाशी लावली.

बिलावर नाव शिवलीलाबाई.
सिगुला त्याला तसंच ऐकू येतं.
दारं, खिडक्या, बिजागऱ्या, कोयंडे,
आणि सगळ्यात खाली:
खाच, नग १, रु. १४०.

सवयीने उठले, शेजारी भाव विचारायला,
आणि फाटकापाशी थांबले.
अख्ख्या शिवारात अशी खाच
दुसऱ्या कुणाच्या दाराला नाही.
एकशे चाळीस हा बाहेरचा भाव
की घरचा, सांगणार कोण?

दिले.
दीडशे होते, त्याच्याकडे सुटे नव्हते.
दहा रुपये राहू देत, म्हणाला,
परत यायचंच आहे मला,
पाऊस लागला की दार फुगतंय.