डायनामोखालचा हिरवा

वकिलांच्या पुस्तकात एवढंच लिहिलंय : इंजिन हिरवं.
कुठलं हिरवं, ते विचारायला आता कोण उरलंय.

एक्कावन सालची ऑस्टिन. इंजिन उतरवून
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये घोडीवर ठेवलंय.
एप्रिल. पत्रा तापून टणटण बोलतो.
रॉकेलमध्ये ब्रश बुडवून तीन दिवस घासतोय
सत्तर वर्षांचं ऑइल, धूळ, कुणाच्या तरी बिडीची राख,
आणि त्याखाली लोखंड, नुसतं लोखंड,
उलटतपासणीत तोंड न उघडणारं.

नव्या पेठेतला रंगवाला म्हणाला,
‘चंदेरी मार की बे. सगळेच मारतात.’
खरंय. मीही मारलाय.
ट्रॅक्टर, पंप, ट्रक, जे तापतं त्याला चंदेरी.
पण थळंगे वकील रोज संध्याकाळी येतात,
काळा कोट खिळ्याला अडकवतात,
ब्लॉकवर हात ठेवून म्हणतात, ‘होता तो.’
जणू रंग नाही, कुणी माणूस हरवलाय.

चौथ्या दिवशी डायनामोचा ब्रॅकेट सुटला.
खाली दोन नखांएवढा हिरवा,
ऊन न लागलेला, ऑइल न प्यालेला.

रंगाचा माणूस म्हणून चिलवेरी मामांना आणलं.
मल्लेशम चिलवेरी, चाळीस वर्षं सुताला रंग देणारे,
तळहाताच्या रेघा अजून निळ्या.
‘आत नको. दारात घे, उत्तरेच्या उजेडात.’
आम्ही चौघांनी घोडी ढकलत नेली.
त्यांनी थुंकी लावून बघितलं, वाळू दिलं, पुन्हा बघितलं.
‘ओला रंग खोटं बोलतो,’ म्हणाले.
त्यांच्याकडे हिरव्यांना नावं आहेत :
चिलकपच्च, आकुपच्च,
हुरड्यातला, तळ्याच्या शेवटच्या पायरीचा,
आणि एक, ज्याला ते ‘मंगळवारचा’ म्हणतात,
कारण एका मंगळवारी अख्खा घाणा बिघडला होता.
यातला कुठलाच नाही.

मग भिंग मागितलं.
‘हे बघ. केस.’
रंगात अडकलेला ब्रशचा एक केस.
‘कंपनी फवाऱ्यानं मारती. हे हातानं मारलंय.
आणि हा गाडीचा नव्हंच.
हा मागाचा. आमच्या खात्यात
सगळ्या मागांच्या पायांना हाच होता.’

माझे वडील त्याच गिरणीत फिटर.
रविवारी बाहेरच्या गाड्या करायचे.
एकदा जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यातून
रंग आणला होता घरी.
आईनं तो कप्पा पुन्हा भाताला वापरला नाही,
खिळे ठेवले त्यात. अजून आहेत.

मी काही बोललो नाही.
मामाही नाही. भिंग धोतराला पुसत राहिले.

ब्लेडनं हळू खरवडलं. मागाच्या हिरव्याखाली
आणखी एक, फिकट, राखेत कालवल्यासारखा.
हा कंपनीचा. हाच पुस्तकातला. वकिलांचा ‘होता तो’.
मामांनी जुळवला : पांढऱ्यात हिरवा, हिरव्यात काळ्याचा
एक थेंब, मग काडीच्या टोकानं अर्धा,
काचेच्या अकरा पट्ट्या दारात वाळत,
अकरावी बरोबर निघाली, तरी म्हणाले, सकाळी बघू.

सगळं इंजिन त्या रंगानं फवारलं.
ब्रॅकेटखाली तेवढी चिकटपट्टी लावली होती,
खरवडून जेवढा उरला होता तेवढ्यावर.
वकिलांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का,
अजून ठरत नाही.
त्यांनी अस्सलचे पैसे दिलेत.

काल पहिल्यांदा सुरू केलं.
सहा मिनिटांत रंग तापला, वास सुटला,
वकील डोळे मिटून उभे.
मामांनी नाक वर केलं, दोनदा हुंगलं.
‘अजून कच्चाय,’ म्हणाले,
‘दोन-तीन उन्हाळे खाऊ दे.’