डबल बेल

एकदा दोरी ओढली की गाडी थांबते,
दोनदा ओढली की निघते.
अठरा वर्षं हेच करतेय मी,
जिंतूर-परभणी, मधे बोरी, झरी,
आणि एखादी म्हातारी रस्त्यात हात करील तिथे.

ड्युटीवर पाणी प्यायचं नाही, हा माझा नियम होता.
कुणी सांगितला नव्हता,
स्टँडवरच्या मुतारीने शिकवला,
जिच्या दाराला आतून कडी नाही.
सकाळी सहाला चहा, चिमूटभर मिश्री,
मग दोनपर्यंत ओठ कोरडे.
रात्री सगळ्यांची ताटं झाली की
साडेदहाला उरलेला चतकोर, उभ्यानेच.
अकराला दिवा बंद.
आणि विश्वंभरचा हात.

वाईट माणूस नाही तो. हे आधीच सांगते,
कारण बाई असलं काही बोलू लागली
की लोक आधी नवऱ्याकडे बघतात.
पण आग व्हायची. नंतर दोन दिवस लघवीलाही.
मी भिंतीवरच्या पालीकडे बघत
मनात हिशेब जुळवायची:
फुल किती, हाफ किती, सुट्टे किती.
तो विचारायचा, काय झालं?
काही नाही, दमले.
'दमले' हा केवढा मोठा पदर,
किती वर्षं त्याखाली काय काय झाकलं!

नणंद म्हणाली, चाळिशी झाली, आता देवाधर्माचं बघ.
मेडिकलवाल्या पोराने घोड्याच्या चित्राची पुडी दाखवली,
तीही त्याच्यासाठी.
माझ्यासाठी त्या दुकानात काही नव्हतं.

तिसऱ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा
मुबीना सिस्टरने केसपेपर पालथा ठेवला.
"पाणी किती पितीस? झोप किती?
आन् त्या वक्ताला तुला बरं वाटतं का गं?"
मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला विचारतेय.
मागे वळून पाहिलं.
मागे वजनाचा काटा होता.

गोळ्या दिल्या पाच दिवसांच्या. बाकी सांगितलं
ते लिहून घेण्यासारखंही नव्हतं.
पाण्याची बाटली आता पिशवीच्या पट्ट्याला बांधलेली.
झरीची हॉटेलवाली शेवंता तिच्या घरच्या संडासाची किल्ली देते,
मी तिला परभणीहून ब्लाउजचं अस्तर आणते.
मिश्री सुटायला अख्खा पावसाळा गेला,
मधे दोनदा परत धरली, खोटं कशाला बोलू.
ताट सगळ्यांसोबत वाढून घेते,
कारळाची चटणी, अंबाडी, वाटीभर ताक.
सासू आठ दिवस बोलली नाही,
नवव्या दिवशी तिनेच पाट सरकवला.
आणि डेपोतून घरी चालत येते, येलदरी रोडने.
ती पंचवीस मिनिटं कुणाला तिकीट द्यायचं नाही.

ताकाने आणि चालण्याने असलं काही होतं का?
मीही हसले होते.
"समदं यानंच नाही होणार," सिस्टर म्हणाली,
"कोरडेपणाला मलम असतं, लाजू नको, मागून घे.
आन् नवऱ्याशी बोल.
त्याला यातलं काहीच येत नाही असं धरून बोल."

बोलले. गच्चीवर, ज्वारीच्या पोत्याला टेकून.
तो कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाला, मला वाटलं, मीच नकोसा झालो.
म्हणजे सात वर्षं आम्ही दोघं
एकाच थांब्यावर उभं राहून
वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघत होतो.

अजूनही काही रात्री नुसती झोप लागते,
आणि ती झोपही आता झोपेसारखी असते.

परवा मात्र, सीताफळांचा वास घरभर,
पोरं झोपलेली, मी पाणी पिऊन आले.
त्याचा हात आला.
मी त्याच्या खांद्यावर बोटाने एकदा टोचलं.
थांबला. अंधारात बघत राहिला माझ्याकडे.
सवयीचं मला हसू आलं,
जरा वेळ तशीच राहिले, माझ्या मनासारखा वेळ.

मग दोनदा.