पाटी मेली, असं लिही

नियमात स्पष्ट लिहिलंय:
रात्री पाट्या तपासणारा माणूस
साठीच्या पुढचा हवा.
म्हणून मी नुसती गाडी चालवतो.
माझे डोळे सव्वीस वर्षांचे,
या कामाला निकामी.

मारित हाटालाचे सदुसष्ट.
बत्तीस वर्षं गोदीच्या फाटकावर पावत्या फाडल्या,
मग निवृत्ती, मग गुडघा, मग हे.
मांडीवर थर्मास घेऊन शेजारी बसते,
चष्मा स्कार्फला पुसते, म्हणते,
"पाओ, दिवे खाली.
मोठे दिवे लावले तर कुणाचंही थोबाड उजळतं."

डलूथ. नोव्हेंबर. साडेचारलाच अंधार.
सरोवर दिसत नाही, नुसतं कण्हतं.
टेकडीवरून उतरायचं, पुन्हा चढायचं,
एकेक पाटी काळोखातून वर येते
आणि ती निकाल देते:
"जिवंत."
"जिवंत."
"आजारी, पण हिवाळा काढेल."
"ही मेली. मेली असं लिही."

मला ती मेलेलीही ढळढळीत दिसते.
सुरुवातीला मी वाद घालायचो.
"तुला दिसणारच रे," ती म्हणायची,
"पाटी तुझ्यासाठी नाही लावलेली.
चर्चमधून सुपाचं रिकामं पातेलं घेऊन
एकट्यानं घरी निघालेल्या
ब्याऐंशी वर्षांच्या आर्वोसाठी आहे ती."
आर्वो कोण, मी विचारलं नाही.
मला माझी आई आठवली.
तिला इंग्रजी वाचता येत नाही,
आठ कोन म्हणजे थांबायचं, एवढं येतं.

पाट्या कशा मरतात, तेही मारितनंच शिकवलं.
दक्षिणेकडे तोंड असलेल्या आधी जातात, उन्हानं.
लाल उडतो, हिरडीसारखा गुलाबी होतो.
स्प्रूसचा डिंक. बर्फ लोटणाऱ्या गाडीनं उडवलेलं मीठ.
शिकारीच्या मोसमात पोरांनी घातलेले छर्रे,
हरणाचं चित्र असलेल्या पाटीत तर हमखास.
हरीण सुटतं, पाटी जाते.

एकदा पाय मोकळे करायला उतरलो,
गाडीपासून दहाबारा पावलं बाजूला गेलो,
तर मघाशी पेटलेली तीच पाटी
आता नुसता काळा पत्रा.
परत येऊन सांगितलं.
"मग?" ती म्हणाली. "ज्याचा दिवा त्यालाच परत.
आतले मणी उधारी ठेवत नाहीत."

परवा शाळेजवळच्या वळणावर
ती म्हणाली, "मेली."
मी ब्रेक दाबला.
ही पाटी ऑगस्टमध्ये मीच ठोकलेली,
पाठीवर माझ्याच अक्षरात तारीख.
मीटर लावून पाहिला. आकडा अगदी तरण्या पाटीचा.
गाडीत येऊन बसलो. काचेवर वाफ.
तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
वायपर दोनदा कुरकुरला.
मग तिचं तीच:
"डावा डोळा. मोतीबिंदू.
जानेवारीत काढतायत.
नवीन भिंग बसवलं की लख्ख दिसेल, डॉक्टर म्हणाला."
थर्मासचं झाकण घट्ट लावत,
"म्हणजे मीही तुझ्यासारखीच निकामी."

वहीत या महिन्यातल्या एकशे चौदा मेलेल्या.
किती खरंच मेल्या, किती तिच्या डोळ्यात,
ते आता दिवसा, मीटर घेऊन,
मला एकट्यालाच बघावं लागेल.
साहेबाला काय सांगायचं, ठरलेलं नाही.
आणि आर्वोला मोतीबिंदू आहे की नाही
हेही कुणी मोजलेलं नाही.
वळणावरच्या पाटीपुढचा रकाना
मी अजून मोकळा ठेवलाय.

गाडी सुरू केली. दिवे खाली.
पुढच्या कोपऱ्यावर
जमिनीपासून कंबरभर उंचीवर
दोन हिरवे ठिपके पेटले.
यादीत तिथं पाटी नव्हती.
मारित पुढे झुकली, चष्मा वर केला,
बराच वेळ काही बोलली नाही.
"हरीण," ती म्हणाली.
"जिवंत."